वत्सगुल्मातलं लग्न आणि टेबलावरचा संसार

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत पात्राला तलवार मिळते, मंत्र मिळतात, घोडा मिळतो; आई क्वचितच मिळते. मी वाशीमला हे खेळ घेते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो. खेळ चालवणाऱ्याला आम्ही ‘जीएम’ म्हणतो. बाकीचं जग आणि त्यातली माणसं जीएम उभी करतो. जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासे टाकायचे. खेळाडू नव्या पात्राची माहिती लिहायला बसला की पहिल्याच ओळीत आईवडिलांना मारतो. गाव जळालं, सगळे गेले, उरला हा एकटा. त्याला अनुभवानं कळलेलं असतं की घरचं माणूस लिहिलं की जीएम त्याला पळवून नेणार आणि खंडणी मागणार.

या सवयीचं मूळ जुनं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तो नकाशावर सैन्य हलवायच्या युद्धखेळांतून. युद्धखेळात सैनिकाला घर नसतं. पण पात्र रंगवायचं म्हटलं की घर लागतंच, आणि प्रेमही लागतं. ती दोन्ही कशी आणायची, याचे दोन उत्तम धडे मला याच मुलखात सापडले.

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास राजशेखरानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तिच्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घर सोडतो. त्याला परत आणायला गौरी साहित्यविद्येला निर्माण करते आणि त्याच्या मागे पाठवते. ती पूर्वेकडे जाते. तिथला वेश, तिथलं नृत्य, तिथली बोलण्याची रीत उचलते. तो बधत नाही. पांचालात थोडा वळतो. पुढे अवंती, मग दक्षिण. तिथे वैदर्भी रीतीपाशी पुरता हरतो. आणि विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघं गांधर्वविवाह करतात. मग हिमालयात परततात, तिथे गौरी आणि सरस्वती एकमेकींच्या विहिणी झालेल्या असतात.

प्रेमकथा खेळात कशी चालवावी हे इथे सगळं आहे. प्रेम एका फाशावर ठरत नाही, ते मुक्कामागणिक सरकतं. प्रत्येक मुक्कामी कुणीतरी बदलतं. नकाराला जागा असते आणि नकारानंतरही प्रवास थांबत नाही. गोष्ट आईशी झालेल्या भांडणातून सुरू होते आणि विहिणींपाशी संपते. म्हणजे प्रेमाच्या दोन्ही टोकांना कुटुंब उभं असतं. म्हणून माझ्या टेबलावर ‘तिला पटवतो, फासे टाकतो’ हे चालत नाही. फासे नदीच्या पुराला, लढाईला, बाजारभावाला. होकार-नकार ज्याचं पात्र, त्याच्याच तोंडून.

दुसरा धडा भुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलोबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडून संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. त्या गाण्यांत सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद सगळे हजर. सुनेला माहेरी जायचंय आणि सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावला की तो वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे. एक अट पुरी झाली की दुसरी. मी इतकी वर्षं खेळ घेते, पण हातात शस्त्र नसलेला इतका चिवट विरोधक कुठल्या पुस्तकात पाहिला नाही. या सासूला स्वतःचं काहीतरी हवं आहे, म्हणून ती जिवंत वाटते. जीएमनं हेच करावं: घरच्या प्रत्येक माणसाला एक इच्छा द्यावी आणि ती पात्राच्या इच्छेला कुठेतरी आडवी जाऊ द्यावी. अपहरणाची गरजच उरत नाही.

आमच्या टेबलावरचा चालू खेळ पाचव्या शतकातल्या वत्सगुल्मात घडतो. राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव. या वराहदेवानंच अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. एका खेळाडूचं पात्र दगड कोरणारं. त्याला अजिंठ्याचं काम मिळतंय आणि घरात बहिणीचं लग्न ठरतंय. गेला तर काही वर्षं परतणं नाही. त्या संध्याकाळी कुणी तलवार उपसली नाही, तरी टेबलावरचं कुणी उठलं नाही. बहिणीची भूमिका मी दुसऱ्या खेळाडूला दिली होती. दोघांचा प्रसंग चालू असताना बाकीच्यांनी रिकामं बसू नये, म्हणून कुणाला काका करावं, कुणाला शेजारीण.

घराला काळ लागतो, आणि तो खेळात मोजावा लागतो. ग्रेग स्टॅफर्डनं १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात हे नेमकं साधलं. त्यात दर वर्षाच्या शेवटी हिवाळ्याचा टप्पा येतो: लग्न, बाळंतपण, मृत्यू, जमिनीचं उत्पन्न. सरदार मेला की त्याचा वारस पुढे खेळतो. आम्ही तो टप्पा दसरा ते संक्रांत असा घेतो. सुगी, लग्नाची बोलणी, कर्जाची फेड आणि एखादा रुसवा, एवढं त्यात बसतं.

आता टेबलाची शिस्त. आमच्या गावात एकाच टेबलावर सख्खी भावंडं असतात, शेजारी असतात, एका वर्गातली मुलं-मुली असतात. पात्रांचं प्रेम खेळाडूंच्या नावावर खपवायला कुणालाही वेळ लागत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत खेळाआधी बोलून घ्यावं: प्रेम हवं का, कितपत, कोणते विषय नकोत. दोन खेळाडूंच्या पात्रांचं जुळत असेल तर दोघांना वेगवेगळं विचारावं. असे प्रसंग ‘मी’ ऐवजी ‘ती म्हणते’, ‘तो थांबतो’ असे सांगावेत. दार लागलं की प्रसंग संपला, पुढची ओळ सकाळची. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचवलेलं ‘एक्स कार्ड’ मधोमध ठेवावं. कुणीही त्याला हात लावला की तो भाग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. जीएम वयानं मोठा आणि खेळाडू लहान असेल, तर जीएमनं आपल्या पात्रांकरवी प्रेमाचे प्रसंग खेळूच नयेत. याला अपवाद नाही.

वाशीमला १९३९ साली सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची ओळख वंशावरून होते: प्रवरसेनाचा नातू, सर्वसेनाचा मुलगा. पात्राचा कागद असाच लिहावा, आधी कुणाचा कोण, मग शस्त्र. या दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून घरी आलेली मुलं फासे घेऊन बसतील. त्यांना माझी एकच विनंती आहे: पात्राच्या आईला मारू नका. तिला नाव द्या, तिला काय हवंय ते लिहा, आणि जीएमकडून आधीच कबूल करून घ्या की तिला ओलीस धरलं जाणार नाही.