अवधूत, तुझी यादी अजून माझ्याकडेच आहे

प्रिय अवधूत,

तू गेलास, पण तुझा कोड इथेच ठाण मांडून बसलाय. परवा मशीनच्या अलार्मची यादी उघडली आणि तुझी आठवण आली. खरं सांगू? आधी शिवीच आली तोंडात.

मॉडेलमध्ये २०० अलार्म, आणि दाखवायचे फक्त चालू असलेले. तू काय केलंस? डेलिगेटमध्ये लिहून टाकलंस: अलार्म चालू नसेल तर व्हिजिबल फॉल्स, हाइट शून्य. दुसऱ्या दिवशी डेमो होता, माहीत आहे मला. साहेब खूश झाले, वडापाव तूच खिलवलास.

पण स्पेसिंग ८ पिक्सेल होतं, त्याचं काय? ओळ शून्य उंचीची झाली तरी लिस्टव्ह्यूच्या लेखी ती ओळच. ३ अलार्म चालू असले की बाकीच्या १९७ ओळी नुसत्या फटींनीच दीड हजार पिक्सेल खातात. न आलेल्या पाहुण्यांची पानं पंगतीत मांडून ठेवावीत, तसं. मग तू स्पेसिंग शून्य केलंस आणि अंतर डेलिगेटच्या आत ढकललंस. आता पुढचं ऐक. व्ह्यू पडदा भरेपर्यंत डेलिगेट बनवत जातो. शून्य उंचीच्या ओळींनी पडदा भरणार कसा? झालं, बिचारा पार तळापर्यंत बनवत सुटला. दिसतील तेवढेच डेलिगेट बनवायचे, ही लिस्टव्ह्यूची खुबी मला शिकवली कुणी? तूच ना? वर काउंट विचारला की उत्तर २००.

रागावू नकोस. क्यूएमएल मला आलं ते तुझ्यामुळेच. व्ह्यूला अक्कल द्यायची नाही, मिळेल ते त्याने मांडायचं, हे तू बोर्डवर चौकोन काढून समजावलं होतंस. मग कुठली ओळ दाखवायची हा निर्णय डेलिगेटच्या गळ्यात का मारलास?

तुझी अर्धवट ब्रांचही पाहिली, डेलिगेटमॉडेलवाली. 'चालू' नावाचा ग्रुप, फिल्टरऑनग्रुप, सगळं नीट. छोट्या, न बदलणाऱ्या यादीला ते शोभतंही. पण अलार्म विझला हे ग्रुपला कळवायचं कुणी? जावास्क्रिप्टमधून आपणच. तिथेच कंटाळलास, हो ना?

शेवटी मी क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेलच घातलं, मूळ मॉडेल आणि व्ह्यू यांच्या मधे. फिल्टरॲक्सेप्ट्सरो या फंक्शनमध्ये एवढंच विचारलं, चालू आहे का? अलार्म विझला की मूळ मॉडेल डेटाचेंज्ड सिग्नल देतं आणि ओळ आपसूक गळते. 'फक्त गंभीर' हे बटण दाबलं तर मात्र प्रॉक्सीला फिल्टर पुन्हा लाव म्हणून सांगावं लागतं, कारण तिथे डेटा नाही, आपली अट बदललेली असते. काउंट आता ३ येतो. डेलिगेटमधली तुझी कसरत पुसली. वाईट वाटलं थोडं.

एक जागा मात्र घाम फोडणारी निघाली. पडद्यावरची पहिली ओळ मूळ मॉडेलमध्ये सत्तेचाळिसावी असू शकते. 'पाहिलं' या बटणातून तू मूळ मॉडेलला नुसता इंडेक्स पाठवत होतास. तुझ्या वेळी सगळ्या ओळी व्ह्यूत असायच्या म्हणून ते खपलं. प्रॉक्सी आल्यावर तोच इंडेक्स भलत्याच अलार्मवर शिक्का मारणार, आणि खरा अलार्म तसाच बोंबलत राहणार! मॅपटूसोर्सने खरी ओळ काढता येते. मी सरळ अलार्मचा आयडीच पाठवला.

तुझ्या नव्या ठिकाणी क्यूट ६.१० असेल तर हे सगळं क्यूएमएलमध्येच करता येईल. सॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल आता तिथेच मिळतं, आत एक व्हॅल्यूफिल्टर टाकलास की पुरे. पण या आवृत्तीत ते टेक प्रिव्ह्यू आहे, तेव्हा ग्राहकाच्या मशीनवर चढवण्याआधी नीट तपासून घे. आणि तिथेही कुठे हाइट शून्य करून ठेवली असशील, तर तुझ्यामागून येणाऱ्याची दया कर आणि आजच काढ.

तुझी,
मृण्मयी