दोऱ्याची दोन टोके

गेल्या दिवाळीपूर्वी माळ्यावरची अडगळ खाली उतरवीत असता, आईच्या एका विटलेल्या नऊवारी लुगड्यात गुंडाळून ठेवलेला, सुमारे पाच फूट लांबीचा एक पंख माझ्या हाती लागला. आणि लुगड्याची गाठ सुटते न सुटते तोच जळक्या एरंडेलाचा तो खवट, दाट, पण एके काळी मला अत्तराहूनही प्रिय असलेला वास असा अंगावर आला की, हातातले काम तसेच टाकून मी शिडीच्या पायरीवर बसून राहिलो. पंखाच्या मध्यभागी, जेथे वरचे आवरण सुटून आतले बालसाचे लाकूड उघडे पडले होते, तेथे बोट फिरविले तर ते अजूनही तेलकट होत होते.

ते रेडिओनियंत्रित विमान 1991 साली माझ्या मामेभावाच्या सामानातून, अमेरिकेहून, एका लांबट चपट्या खोक्यात, अर्धवट घडलेल्या अवस्थेत आमच्या वाड्यात आले. नवशिक्यांसाठीचे, म्हणजे पंख धडाच्या माथ्यावर असलेले, इंजिन साडेसहा सीसीचे, वजन अडीच किलोच्या आतबाहेर. एका रविवारी ते जोडून पुढल्या रविवारी आकाशात न्यावे असा माझा उतावळा बेत होता. पण वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, खोके उघडले, सोबतची पुस्तिका चष्मा पुसून दोनदा वाचली, आणि मला एका शब्दाने न विचारता तो सारा मामला आपल्या ताब्यात घेतला.

अप्पा नुकतेच मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. उभे आयुष्य त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करण्यात घालविले होते. 33 फुटांची ती शंकुसाखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा आणि असे 40 गुंठे मिळून एकर, हा हिशेब त्यांच्या रक्तात होता. आणि साखळीच्या एका आण्याची कसूर झाली तर दोन सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मोजणीविषयी ते क्वचितच बोलत; एक वाक्य मात्र नेहमी सांगत, “पुढच्याने चालायचं, मागच्याने हलायचं नाही; साखळी खरी ठरते ती मागच्यामुळे.” अशा माणसाच्या हाती ते विमान पडल्यावर एका रविवाराचे काम एक महिना चालले, यात नवल ते काय?

त्या महिन्यातले एक दृश्य माझ्या मनातून काही केल्या हलत नाही. ओसरीवर मोठ्या पाटावर विमान मांडलेले आहे. त्याच्या शेपटीच्या मध्यबिंदूपासून एक पांढरा दोरा निघून पंखाच्या टोकापर्यंत ताणलेला आहे. त्या टोकाशी अप्पा वाकले आहेत, दोऱ्यावर शाईची खूण करून ती चिमटीत धरीत आहेत, आणि मग तोच दोरा तसाच ताणलेला ठेवून पंखाच्या दुसऱ्या टोकाशी नेत आहेत. दोन्ही अंतरे सारखी आली तर पंख धडाशी काटकोनात बसला. न आली तर तो एक केस सरकवायचा आणि पुन्हा मोजायचे. अप्पांनी तो दोरा किती वेळा अलीकडे-पलीकडे नेला असेल, याची गणती नाही.

पंखाचे दोन अर्धे जोडण्याचा विधी तर एखाद्या मंगलकार्यासारखा पार पडला. मध्ये प्लायवुडची बाकदार पट्टी, तिला इपॉक्सी, आणि दोन्ही टोके वर उचललेली राहावीत म्हणून खाली मोजून ठेवलेल्या पुस्तकांच्या चळती. रात्रभर त्या खोलीत पंखा लावायचा नाही, असे फर्मान सुटले. टोके वर का उचललेली, असे मी विचारले तेव्हा अप्पांनी तळहात जोडून, मग किंचित उघडून दाखविले: वाऱ्याने एक बाजू झुकली की विमान त्या बाजूस घसरू लागते, घसरत्या बाजूच्या पंखाला हवा अधिक लागते, आणि ती बाजू आपोआप उचलली जाते, शिकाऊ हात चुकला तरी पंख आपल्यापुरता सावरून घेतो.

येथे एका फ्रेंच तरुणाची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही, जरी तिचा आमच्या ओसरीशी काडीमात्र संबंध नव्हता. आल्फोंस पेनो हा तो तरुण. 1871 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलेरी उद्यानात, पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक इवलेसे विमान त्याने सोडले. ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेले, आणि कोणीही हात न लावता सरळ, स्थिर गेले, कारण त्याच्या पंखांची टोके वर वळविलेली होती आणि मागे तोल राखणारी लहानशी शेपूट होती. वयाच्या तिसाव्या वर्षी, 1880 साली, विफलतेने खचून त्याने स्वतःचा अंत केला. तत्पूर्वी, 1878 साली, त्याच्याच रचनेवर बेतलेले रबराचे एक उडते खेळणे अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशक बापाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. ही हकीकत वाचली तेव्हा माझे मन ना पेनोपाशी थांबले ना राइट बंधूंपाशी. खेळणे घेऊन घरात शिरणाऱ्या त्या बापापाशी थांबले.

जोडणी संपली तरी तयारी संपत नाही, हे मला त्या महिन्यात उमगले. पंखाच्या रुंदीचा पुढून पाव ते एकतृतीयांश भाग सोडून, दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून अप्पांनी विमान उचलले, टाकी रिकामी ठेवून. कारण इंधन जळत जाते आणि शेवटी उरतो तोच तोल खरा. शेपूट खाली गेली. नाक जड झालेले विमान मंद चालते, पण शेपूट जड झालेले विमान कोणाचेच ऐकत नाही. म्हणून शिसे न चढविता त्यांनी स्पंजात गुंडाळलेली बॅटरी पुढे, टाकीच्या खाली सरकविली, आणि विमान त्या दोन बोटांवर निवांत, आडवे, दिवा लावलेल्या समईसारखे स्थिर राहिले. मग पाती हलविणाऱ्या प्रत्येक सर्व्होची हजेरी झाली: दांडी उजवीकडे केली की उजवे एलेरॉन वर उठते ना, मागे ओढली की शेपटीचे पाते वर जाते ना.

इंजिन प्रथम चालले ते वाड्याच्या चौकात. मिथेनॉल आणि एरंडेल यांचे ते इंधन, निळसर धुराने चौक भरून गेला, तशी आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, हे तर आपलं एरंडेल!” रानोमाळ चालून भेगाळलेल्या अप्पांच्या तळपायांना ती रोज रात्री जे चोळी, तेच तेल आता गर्जना करीत होते.

विमाने उडविण्याचा आमचा माळ शहराबाहेर होता. तेथे एक फळी असे, तीवर कपड्यांचे चिमटे, आणि प्रत्येक चिमट्यावर एकेका वारंवारतेचा क्रमांक. आपल्या क्रमांकाचा चिमटा खिशाला लावल्यावाचून कोणी आपला रेडिओसंच सुरू करायचा नाही, हा तेथला शिरस्ता. अप्पांना तो फार आवडला. “ही हवेतली हद्दनिशाणी,” ते म्हणाले. एरियल मिटलेले ठेवून तीस पावले दूर जाऊन पल्ल्याची परीक्षा झाली, बारा रबरांनी पंख धडाला आवळला गेला, आणि आमचे विमान उडाले. चौथ्या रविवारी शिकविणाऱ्यांनी संच प्रथमच माझ्या हाती दिला असता, कडेला बसलेल्या एका गृहस्थाने फळीकडे न फिरकता, केवळ सर्व्हो हलतात का ते पाहण्यासाठी आपला संच सुरू केला. क्रमांक माझाच होता. विमान थरथरले, उलटे झाले, आणि नाकावर जमिनीत गेले. तो गृहस्थ एक शब्द न बोलता सामान आवरून निघून गेला. इतकी वर्षे लोटली, पुष्कळांना मी पुष्कळ काही क्षमा केले. त्याला केलेले नाही. अप्पा एवढेच म्हणाले, “आकाशातला बांध कोरला त्यानं.”

धडाचा चुरा झाला. रबरांनी पंखाला वेळीच मोकळे सोडल्यामुळे तो तेवढा शाबूत राहिला, आणि घरी आल्यावर आईने तो आपल्या लुगड्यात गुंडाळला.

अप्पा 2004 साली गेले. आई 2011 साली. यंदा भाचीच्या मुलीने, बारा वर्षांच्या, फोमचे विजेवरचे शिकाऊ विमान आणले. त्याला चिमटे लागत नाहीत, एरंडेल लागत नाही. चार स्क्रू आवळले की अर्ध्या तासात ते सिद्ध होते. मी दोरा मागितला. “आजोबा, यात मोजायचं काय? ते फॅक्टरीतूनच सरळ येतं,” ती म्हणाली; पण माझ्याकडे पाहून तिने दोरा आणला, आणि तो पंखाच्या टोकाकडे ओढू लागताच शेपटीवरून घसरला. “कुणीतरी मागे धरायला हवं ना!”

मी जमिनीवर बसलो आणि शेपटीच्या मध्यबिंदूवर अंगठ्याने दोरा दाबून धरला. आणि त्या जागेवरून ताणलेल्या दोऱ्याच्या रेषेत पंखाच्या टोकाकडे पाहिले, तेव्हा ते जुने दृश्य प्रथमच मला पुरे दिसले. विमानाच्या आवरणाला टाचणी टोचणे अप्पांना मंजूर नव्हते. मग दोऱ्याचे मागचे टोक कशाला बांधले होते? ते बांधलेले नव्हतेच. पाटाच्या मागे, पाय दुमडून, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून, आई बसली होती. अप्पा अलीकडून पलीकडे जात होते, आकडा पुटपुटत होते, खूण करीत होते. आणि ती, चुलीवर काय राहिले आहे याचा विचारही चेहऱ्यावर उमटू न देता, अंगठा दाबून होती. इतकी वर्षे मी त्या चित्रात हलणारा माणूसच तेवढा पाहत आलो होतो.

“आजोबा, जुळलं. सोडा आता,” पलीकडून ती म्हणाली.

“दुसऱ्या बाजूनं मोज,” मी म्हणालो, आणि अंगठा उचलला नाही.