काळा साप कोणी आणला?



गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांपुढे एक चित्रपुस्तक उघडले : 'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स'. अमेरिकेतील ओजिब्वे समाजाच्या कॅरल लिंडस्ट्रॉम यांचे हे पुस्तक 2020 साली आले. चित्रे काढणारी त्लिंगित समाजाची. या चित्रांसाठी तिला मिळालेले कॅल्डेकॉट पदक त्याआधी कोणत्याही मूलनिवासी अमेरिकन चित्रकाराला मिळाले नव्हते.

गोष्ट साधी आहे. पाणी पवित्र आहे, असे आजीकडून ऐकलेली मुलगी काळ्या सापापासून ते वाचवायला आपली माणसे गोळा करते.

"साप म्हणजे सैतान!" एक मुलगा ओरडला. एदेन बागेचा धडा लक्षात राहिला म्हणून आम्ही खूश झालो. मग सांगितले, की हा साप लोखंडी आहे, खनिज तेलाची पाइपलाइन आहे. 2016 साली नॉर्थ डकोटात स्टँडिंग रॉकच्या लोकांनी मिसुरी नदीसाठी तिच्याविरुद्ध तळ ठोकला होता.

"टीचर, ते जिंकले?"

नाही. 2017 पासून तिच्यातून तेल वाहते आहे.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पाइप घालणारे लोक चर्चला जातात का?"

आम्ही गप्प झालो. "काही जात असतील," एवढेच म्हणालो.

घरी येऊन आम्ही बायबल उघडले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले "सत्ता चालवा" आम्ही मुलांना पाठ करून घेतले आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत देवाने माणसाला बाग राखायला ठेवले, ते मात्र घाईत उरकले. 2022 साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन तिथल्या मूलनिवासींची क्षमा मागितली. त्यांची मुले ज्या निवासी शाळांत आईबापांपासून तोडली गेली, त्यांतल्या कितीतरी चर्चच्या संस्था चालवीत होत्या. ज्यांना आपण शिकवायला गेलो, त्यांच्याकडून शिकायचे राहून गेले.

वर्ग सुटताना आम्ही विचारले होते, "आपल्या बेळगावच्या नळाला पाणी कुठून येते?" एकच मुलगी म्हणाली, "राकसकोपहून. माझ्या मामाचं गाव तिकडंच आहे." ते पाणी रोज पिऊनही त्या गावासाठी, मार्कंडेय नदीसाठी आम्ही कधी प्रार्थना केलेली नाही.

येत्या रविवारी मिस्सामध्ये ती प्रार्थना आहे. तीच मुलगी वाचणार आहे. आपण सारे "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हणू या, आणि आपणही थोडे ऐकू या.