झोपेतले दात खाणे

रागाच्या भरात माणूस दातओठ खातो, हे आपण नित्य पाहतो. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात दात खाण्याचा उल्लेख सहा वेळा आला आहे, आणि तेथेही तो घोर दुःखाची खूण म्हणूनच येतो. परंतु कोणावरही राग नसता, गाढ झोपेत, स्वतःच्या नकळत दात खाणारी माणसेही असतात. शंभर प्रौढांत अशी आठ-दहा तरी निघतात. मी त्यांपैकी एक आहे.

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आमचे बिऱ्हाड आहे. येथे आणि शेजारच्या लिंबायतेत पोटासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. मी मागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करतो. काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. खोली एकच, माणसे पाच. एके सकाळी पत्नी म्हणाली, "अहो, रात्रभर जाते ओढल्यासारखा आवाज येतो तुमच्या तोंडातून. लेकरं दचकून उठतात." मला त्याचा पत्ताही नव्हता. मात्र उठल्यावर कानशिले ठणकत, जबडा आखडलेला असे आणि गार पाणी दाढांना झोंबे.

गावाहून आलेली आई म्हणाली, "पोटात जंत झाले असतील." ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. पुढे भाकरी चावताना एका दाढेचा टवका उडाला, तेव्हा मी दंतवैद्य गाठला.

त्यांनी गालांवरचे स्नायू चाचपले, दातांचे झिजलेले माथे आरशात दाखवले आणि शांतपणे समजावून सांगितले. दाताचे वरचे कठीण कवच एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही. सबंध दिवसात खालचे-वरचे दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटे, तेही घास चावताना व गिळताना. एरवी त्यांच्यात फट असावी. झोप क्षणभर चाळवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यापाठोपाठ जबडा दळू लागतो. जंत हे त्याचे मुख्य कारण नव्हे. काळजी, अपुरी झोप, तंबाखू, दारू, अतिचहा, काही मानसोपचाराची औषधे, घराण्यातली प्रवृत्ती यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. जो मोठ्याने घोरतो व झोपेत ज्याचा श्वास मध्येच अडखळतो, त्याने तर आधी श्वासाचीच तपासणी करून घ्यावी.

मग त्यांनी विचारले, "सध्या कसली चिंता आहे?" खोलीचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते आणि थोरलीची फी भरायची होती. हे मी घरीही बोललो नव्हतो. त्या रात्री पत्नीला सारे सांगितले. हिशेब दोघांनी मिळून मांडला. भाडे त्यामुळे कमी झाले नाही, परंतु ओझे वाहणारे दोघे झाले.

दातांच्या मापाचे कठीण प्लॅस्टिकचे आवरण मी आता झोपताना घालतो. त्याने दळणे थांबत नाही. दात तेवढे वाचतात. रोज सकाळी ते गार पाण्याने धुवावे लागते. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी आम्ही कामगार चहा आणि चुना-तंबाखूचा आधार घेतो. तंबाखू मी सोडली, आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा घेत नाही. माग चालू असताना अधूनमधून स्वतःला विचारतो, दात आवळले आहेत काय? ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, हा नियम पाळतो. जबडा दुखला की गालाला ऊन फडक्याने शेक घेतो. डोकेदुखी बरीच कमी झाली आहे. दळणे पूर्ण थांबलेले नाही, पण आठवड्यातल्या पुष्कळ रात्री घर शांत झोपते.

वाचक बंधुभगिनींनो, लहान मूल झोपेत दात खात असेल तर घाबरू नका आणि त्याला रागावूही नका. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप जाते. मात्र दात झिजत असतील वा दुखत असतील, तर दंतवैद्याला दाखवा. मोठ्यांनी मशेरीने दुखणे दडपू नये. तिच्यात तंबाखूच असते. दात घासून त्यांची ठेवण बदलून घेण्याची घाईही करू नये, कारण झालेला बदल परत फिरत नाही. आणि घरातल्या कर्त्या माणसाला रात्री झोप लागत नसेल, तर त्याच्या मनात काय आहे, हे कोणीतरी मायेने विचारावे.