नाथांच्या पैठणात

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की दिंड्या पैठणची वाट धरतात. रब्बीची ज्वारी बहुधा निघालेली असते, त्यामुळे शेतकरी कुटुंबांना ही यात्रा सोयीची पडते. १५९९ मध्ये याच तिथीला एकनाथ महाराजांनी समाधी घेतली.

पैठण ही सातवाहनांची जुनी राजधानी. गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडीचे सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली. जलाशयाचे नाव नाथसागर. गावात नाथांचा वाडा आणि गोदाकाठी समाधीमंदिर आहे.

गोदेच्या घाटावर एक कथा हमखास ऐकायला मिळते. नाथ स्नान करून परतत, तेव्हा एक इसम त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ मुकाट्याने पुन्हा नदीवर जात. एके दिवशी हे १०८ वेळा घडले म्हणतात. अखेर तो इसमच शरमला.

नाथ भित्रे होते काय? मुळीच नाही. श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, अशीही कथा पैठणकर सांगतात. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून १५८४ मध्ये त्यांनी शुद्ध प्रत तयार केली. जिथे उभे राहायचे तिथे ते ठाम राहिले. जिथे नुसती खुमखुमी होती, तिथे त्यांनी आपले स्नान सोडले नाही आणि तोंडही उघडले नाही.

आमच्या नोकरीत बांधावरची भांडणे पुष्कळ पाहायला मिळतात. वीतभर बांध कोरला म्हणून सकाळी जुंपते. दोन्हीकडच्या पाभरी उभ्या राहतात आणि वाफसा निघून जातो. दुपारपर्यंत आज्या-पणज्यांची उणीदुणी निघतात, बांध मात्र जागचा हलत नाही.

मंडळी, हद्दीची शंका खरी असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. मोजणीनंतर हद्द दाखविणारी 'क' प्रत मिळते. ती पटली नाही तर निमताना मोजणी मागता येते. हक्क सोडू नका, भांडण सोडा.

ओळखायची खूण सोपी आहे. मूळ मुद्दा मागे पडून घराण्याचा उद्धार सुरू झाला, की 'राम राम' म्हणावे आणि औताकडे वळावे.

षष्ठीला गेलात तर अष्टमीच्या काल्यापर्यंत थांबा. भाऊबंदकीत अबोला असेल, तर त्या भावालाही बरोबर न्या. काल्याचा प्रसाद सगळ्यांचा असतो.