इसार, फी आणि हिशेब

वाशीम, ४ नोव्हेंबर २०२५

मालेगाव तालुक्यातला एक पक्षकार सकाळीच आला. वाटणीचा दावा आता टाकायचा नाही म्हणाला. दिवाळीला बहीण आली, तिनं दोघा भावांना समोरासमोर बसवलं आणि धुऱ्याचं भांडण मिटलं. आता तहसीलातूनच वाटप करून घेणार. त्याचं बरोबर आहे. सगळे सहधारक राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टात वर्षं घालवायची गरज नाही.

दिलेल्या पैशांचा शब्दही न काढता तो उठला. मीच विचारलं, तर म्हणे, "ते तं गेलेच ना, साहेब. सौदा मोडला का इसार बुडतेच."

बैलबाजारात तसं होतं खरं. पण वकिलाला दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे सौद्याचा इसार नव्हे. ठरले होते १५,००० रुपये, दिले होते ८,०००. नोटिशीचे १,५००, अर्ध्या झालेल्या मसुद्याचे २,०००, सातबारा-फेरफाराच्या नकला आणि टपाल मिळून ४२०. उरलेले ४,०८० मोजून हातात दिले, पावतीवर सही घेतली. तो दोनदा म्हणाला, "काऊन देता, साहेब?" पक्षकार मागतच नाही, म्हणून कितीतरी टेबलांवर ही रक्कम तशीच मुरते.

६ नोव्हेंबर

ज्युनिअरचा सवाल: पक्षकार स्वतःहून गेला, मग आपण कशाला द्यायचं? बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम तिला काढून दाखवला. वकिलानं काम सोडलं तर न कमावलेली फी परत करावी, असं त्यात आहे. पक्षकारानं सोडलं तर काय, हे तो नियम सांगत नाही. मी तेच माप दोन्हीकडे लावतो. ‘आगाऊ रक्कम कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही’ असं पावतीवर छापावं, ही तिची सूचना मात्र मानली नाही. करार कायद्याचं कलम ७४ दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईपुरतंच देतं. पक्षकारांसाठी हे कलम आपण कोर्टात वापरायचं आणि आपल्याच पावतीवर उलटं छापायचं, हे कसं?

११ नोव्हेंबर

रिसोडची एक फाईल दुसऱ्या वकिलाकडे गेली. थोडी फी बाकी होती, तरी वकीलपत्रावर ना-हरकतीची सही करून कागद दिले. ‘आधी हिशेब, मग फाईल’ ही आपल्याकडची जुनी खोड. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलंय की थकलेल्या फीपोटी वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही. बाकीसाठी वेगळं पत्र लिहिलं. येतील तेव्हा येतील.

१९ नोव्हेंबर

आज उलटं झालं. मनाईचा अर्ज युक्तिवाद होऊन फेटाळला गेला, तर पक्षकार सगळी फी परत मागायला आला. त्याची अडचण कळते. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आणि व्यापारी त्याच्या खालीच बोलतो, त्यात पावसानं भिजलेला माल. पण हरलेलं काम म्हणजे न केलेलं काम नव्हे. पुढच्या टप्प्याचे घेतलेले पैसे दिले, अर्जाचे दिले नाहीत. जाताना ग्राहक मंचात खेचतो म्हणाला. वकिली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल १४ मे २०२४ चा आहे. तो सांगून त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं नाही. तक्रारीला बार कौन्सिल आहे, तिचा पत्ता लिहून दिला. रागातच गेला.

१३ डिसेंबर

लोकअदालत. एका अडत्याचा वसुलीचा दावा मिटला. कोर्ट फी परत मिळेल (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम २१), ती त्याचीच. पण त्याला माझ्या फीतूनही कपात हवी होती: "अर्ध्या तासात तं झालं, साहेब." इथे मी एक रुपया सोडला नाही. समोरच्याला त्या टेबलापर्यंत आणायला किती फोन आणि किती बैठका लागल्या, ते डायरीत तारखेनिशी होतं. त्यानं चष्मा लावून पानं वाचली, घासाघीस केली, शेवटी पूर्ण दिले. कोर्ट फीच्या परताव्याचा अर्ज ज्युनिअर सोमवारी टाकेल.