जहाजाच्या आदल्या रात्रीची खोली

परवा आमच्या पेन्शनर मंडळींच्या बैठकीत एकानं विचारलं, "सर, जहाजाचे पैसे तर पोरीनं भरले. मग तुमचा खर्च झाला कशात?" मी म्हटलं, आदल्या रात्रीच्या खोलीत! सगळे हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. पण खरं सांगतो, दोन रात्रींच्या जहाजापेक्षा त्या एका रात्रीच्या खोलीनं मला जास्त कामाला लावलं. जहाजाचं वर्णन लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे ते मी त्यांच्यावरच सोडतो.

तर झालं असं, की आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पुण्याच्या लेकीनं मुंबई ते गोवा अशा जहाजाची तिकिटं काढली. 'कॉर्डेलिया' नावाच्या कंपनीचं जहाज 2021 पासून मुंबईहून निघतं, हे तुम्ही वाचलं असेलच. बॅलार्ड पिअरला, म्हणजे जुन्या इंदिरा डॉकपाशी, त्यासाठी मोठं टर्मिनल बांधलंय. त्याचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं. आम्ही राहणार मंगरूळपीरला. समुद्र आमच्यापासून किती लांब, ते नकाशा उघडून बघा. सौ.नं उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला तो तीनदा, आणि तिन्ही वेळा किनाऱ्यावरून.

जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी आत घेणं बंद होतं, हे लेकीनं तीनदा बजावलं. एसटी चुकली तर तासाभरानं दुसरी मिळते. इथं तसं काही नाही. अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की पहाटे-सकाळी मुंबई येते खरी, पण मध्ये कुठं गाडी चार-पाच तास रखडली तर? जावई म्हणाले, आता समृद्धी महामार्ग आहे, 5 जून 2025 पासून शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पाही सुरू झाला, शेलूबाजारला गाडी चढवा आणि या. पण सौ.चा गुडघा आणि माझं प्रोस्टेट दोघांनाही रेल्वेच बरी पडते. (या वयात प्रवासाचं साधन संडासाच्या सोयीवरून ठरतं, तरुणांना हे कळायला वेळ आहे.) एक दिवस आधी पोचायचं ठरलं. आणि मग प्रश्न आला, उतरायचं कुठं?

आमच्या वऱ्हाडी माणसाला मुंबईत हॉटेल शोधायची सवयच नाही हो. मुंबईत उतरायच्या जागा ठरलेल्या. पहिली म्हणजे आमदार निवास. गावातल्या कार्यकर्त्याकडून चिठ्ठी घ्यायची आणि आमदारसाहेबांच्या खोलीत आधीच झोपलेल्या सात-आठ जणांच्या पायथ्याशी सतरंजी टाकायची. आमच्या जिल्ह्यात मानोरा तालुका आहे आणि नरिमन पॉइंटला मनोरा आमदार निवास होतं, त्यामुळे कुणी "मनोऱ्यात उतरलो होतो" म्हटलं की कोणता, ते विचारावं लागे. ते मनोरा आता पाडलं. दुसरी जागा धर्मशाळा. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटा हॉस्पिटलच्या पेशंटांना आणि नातेवाइकांना तिथं आसरा मिळतो. शेंडगावात जन्मलेल्या आमच्या वऱ्हाडच्या बाबांचं नाव मुंबईत असं कामी येतंय, याचं मला फार बरं वाटतं. पण ती जागा आजाऱ्यांची. जहाजावर मौज करायला निघालेल्यांनी तिथलं अंथरूण अडवायचं नसतं. तिसरी जागा नातेवाईक. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

माझ्यातला मास्तर काही स्वस्थ बसेना. मनात आलं, मुंबईहून जहाजं काय आजच सुटतात? मग पूर्वी जहाजाची वाट पाहणारे लोक राहायचे कुठं? मोहनदास गांधी 1888 मध्ये विलायतेला जायला मुंबईत आले, तर लोकांनी सांगितलं, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आता पाठवू नका. शेवटी 4 सप्टेंबरला निघाले, तोवर मित्राकडे मुक्काम! लोकमान्य मुंबईत उतरत ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. ते मुळात एक लॉजच. 1 ऑगस्ट 1920 ला ते गेले तेही तिथल्याच खोलीत. हजला जाणाऱ्यांची जहाजं 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला जात, त्या यात्रेकरूंसाठी क्रॉफर्ड मार्केटच्याच बाजूला साबू सिद्दीक मुसाफिरखाना.

पण सगळ्यात मला आवडली ती गोव्याच्या खलाशांची सोय. त्यांच्या भाषेत 'कूड', आणि मुंबईकर म्हणतात 'क्लब'. एकेका गावाची एकेक कूड. धोबी तलावचं जेर महाल, गिरगाव, माझगाव अशा भागांत त्या होत्या. एके काळी तीनशेच्या वर होत्या म्हणतात, आणि थोड्या अजूनही आहेत. गावचा माणूस बोटीवर नोकरी शोधायला आला की आपल्या गावच्या कुडीत उतरणार. नाममात्र वर्गणी. एक मोठी खोली, भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी, एका बाजूला देव्हारा, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची असा नियम. बोट मिळाली की पेटी तिथंच ठेवून जायचं. नऊ-दहा महिन्यांनी बोटीवरून उतरलं की गावी जायच्या आधी पुन्हा तिथंच. म्हणजे जहाजाच्या आधीची नि नंतरची स्वस्त खोली हा प्रश्न या लोकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच सोडवला होता, गावच उचलून मुंबईत आणून!

आमच्या घराण्याचीही अशी एक कूड होती. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची. माझा चुलतभाऊ पोस्टात होता, त्याची ती खोली. दादा, वहिनी, दोन मुलं, आणि वर्षभर वऱ्हाडातून येणारे पाहुणे. मंत्रालयात काम असलेला, मुलाखतीला आलेला, पासपोर्टवाला, नुसताच सिद्धिविनायकाला आलेला. 1983 मध्ये माझ्या वडिलांना टाटात दाखवलं, तेव्हा मी तेवीस दिवस तिथं होतो. वहिनी सकाळचा डबा घेऊन लालबागहून परळला चालत येत. बसचे पैसे वाचवायला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मला कळत होतं. रात्री आम्हा पुरुषांना खोली, आणि वहिनी पोरांना घेऊन बाहेर गॅलरीत किंवा शेजारणीकडे. वडील गेले. त्यानंतरही आमच्याकडचे लोक तिथं उतरतच राहिले. दादाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, डोंबिवलीला मुलाकडे असतात.

त्यांना फोन केला आणि हॉटेल शोधतोय म्हणून सांगितलं. पलीकडे दोन क्षण शांत. मग, "भाऊजी, हॉटेलात काहून? आम्ही मेलो का?" चाळीस-पंचेचाळीस वर्षं मुंबईत काढून त्यांचं 'काहून' काही गेलं नाही.

आता मला सांगा, काय उत्तर द्यायचं? डोंबिवलीहून सामानासकट लोकलनं मुंबईला यायचं म्हणजे सव्वा तास, तोही सौ.च्या गुडघ्यासह आणि जहाजाच्या दिवशी. शिवाय पुतण्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट, नातीची बारावी. आम्ही गेलो की वहिनी हॉलमध्ये खाली झोपणार, हे ठरलेलं. उतरावं तर त्यांना त्रास, न उतरावं तर त्यांचा अपमान. मी दोन दिवस फोन टाळला. तिसऱ्या दिवशी सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आपण त्यांच्याकडं नाही, त्यांनाच आपल्याकडं बोलवा ना. तिघांची खोली घ्या."

इतकं सोपं होतं!

पण खोली शोधायला बसलो तेव्हा कळलं, सोपं नाही. लेक मोबाईलवर यादी पाठवी आणि मी एकेकाला फोन लावी. माझं म्हणणं, मोबाईलवर बघा जरूर, पण फोन करून विचारल्याशिवाय पैसे भरू नका. पहिला प्रश्न लिफ्टचा. फोर्टातल्या जुन्या इमारतींत लॉज तिसऱ्या नाही तर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट 'सध्या बंद' असते. दुसरा प्रश्न वेळेचा. काही जुन्या लॉजात चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे सकाळी सहाला शिरलात तर दुसऱ्या दिवशी सहाला बाहेर. इतरत्र दुपारी बाराचा. पहाटेच्या गाडीनं येणाऱ्याला चोवीस तासवाला सोयीचा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारी जहाजावर जायचं असेल तर सकाळी सहापासून पिशव्या घेऊन बसायचं कुठं? म्हणून आम्ही बारावाला घेतला, आणि पहाटे स्टेशनच्या वेटिंग रूममध्येच तोंड धुऊन चहा घेतला. तिसरं म्हणजे कर. यादीत दिसणारी रक्कम बहुधा कराशिवायची असते. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी बाराऐवजी पाच टक्के झालाय, हे ठाऊक असलेलं बरं. रेल्वेची रिटायरिंग रूम सगळ्यात स्वस्त, पण ती आरक्षित तिकिटाच्या पीएनआरवर मिळते. वहिनींचं कसलं आरक्षण? लोकलचा पास!

आणि खरी मेख निघाली ती पुढेच. एका लॉजवाल्यानं सगळं ठरल्यावर विचारलं, "तिघांचे आधार कुठले?" मी सांगितलं, आमचे वाशीम जिल्ह्याचे, वहिनींचं डोंबिवलीचं. "लोकल आयडी चालत नाही." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. मुंबईतली बरीच लॉजेस मुंबई आणि आसपासचा पत्ता असलेल्याला खोली देत नाहीत. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही. तरुण जोडप्यांची भानगड नको म्हणून त्यांनीच केलेला नियम. मी म्हटलं, "अहो, बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत." तो म्हणाला, "रूल म्हणजे रूल." दुसऱ्यानंही तेच सांगितलं. ज्या बाईनं निम्म्या तालुक्याला मुंबईत झोपायला जागा दिली, तिला मुंबईत एका रात्रीची खोली मिळेना, का तर ती मुंबईची! माझा आवाज चढला असावा, कारण सौ.नं हातातून फोन काढून घेतला.

सहाव्या ठिकाणी जमलं. फोर्टात, पहिल्याच मजल्यावर, मॅनेजर उडुपीचा. "आजीला कोण नाय म्हणणार साहेब," म्हणाला. तीन खाटा, करासकट साडेतीन हजारांच्या थोडं वर. तेवढ्यात आमच्याकडे महिनाभराचा किराणा येतो, पण बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीनं दहा मिनिटांवर.

पुतण्या वहिनींना संध्याकाळी घेऊन आला. हातात अर्थातच डबा. कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, मुगाचं वरण. "हॉटेलातलं खाऊन जहाजावर चढान का?" खोलीत आल्यावर त्यांनी आधी गादी दाबून पाहिली, मग न्हाणीतली बादली उलटी करून पाहिली, मग पंखा, मग खिडकी. इतकी वर्षं मुंबईत राहून त्या कधी लॉजात झोपल्या नव्हत्या. कशाला झोपतील? रात्री उशिरापर्यंत दोघी जावा बोलत होत्या. चाळीतल्या शेजारणी, कोण आहे, कोण गेलं. मी भिंतीकडे तोंड करून झोपलोय असं दाखवत ऐकत होतो. एकदा सौ.नं विचारलं, "इतकी माणसं यायची, तुम्हाला कधी राग नाही आला?" वहिनी म्हणाल्या, "येत जाय ना. तुह्या नवऱ्याचाही आला होता. तेवीस दिवस!" आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी काय बोलणार? मला राग आला नाही. उलट ते ऐकून इतक्या वर्षांचं काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं.

सकाळी साडेपाचला जाग आली तर तिन्ही खाटांच्या चादरी घडी करून उशाशी, आणि वहिनी खुर्चीत बसून होत्या. चहा कुठं करायचा ते कळेना म्हणून. मी बेल दाबली, पोऱ्या चहा घेऊन आला. त्यांनी बशीत ओतून तो अगदी हळूहळू प्यायला.

दुपारी पुतण्या ऑफिसातून सुटी काढून आला आणि त्यांना घेऊन गेला. आम्ही जहाजावर. दोन रात्री, गोवा, पाणीच पाणी, लेकीला फोटो. असो.

परतीच्या दिवशी जहाज सकाळी लागलं आणि गाडी रात्रीची. तेव्हा मात्र रिटायरिंग रूम कामी आली. ती हल्ली तासांवरही मिळते, आणि आमच्याजवळ परतीचं आरक्षण होतंच. (ती न मिळाली तर सामान क्लोक रूममध्ये टाका, पण बॅगांना कुलूप हवं, नाही तर घेत नाहीत.) दिवसभर सौ.नं पाय पसरले, मी पेपर वाचला. गाडी लागायच्या अर्धा तास आधी बघतो तर पुतण्या फलाटावर हजर. "आईनं दिलंय. म्हणाली, हॉटेलचं बिल तुमच्याकडं लागलं, जेवण आमच्याकडं."

डबा चार पुडांचा, स्टीलचा, झाकणावर दादाचं नाव कोरलेलं. बहुतेक तोच, परळला चालत येणारा. सौ.नं घासून फडताळात वेगळा ठेवलाय आणि रिकामा परत द्यायचा नसतो म्हणते. नातीची परीक्षा मार्चमध्ये संपेल, तेव्हा डोंबिवलीला जायचं आहे. उतरायचं कुठं, ते या वेळी विचारलेलं नाही.